पेरलेला, पेरलेली, पेरलेलं

पत्र

ताई, नमस्कार.

मी नागपुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवते. वय ४१. एम.एस्सी.ला असताना मलबारच्या वनस्पतींवरच्या ‘होर्तुस मलबारिकुस’ या जुन्या ग्रंथाबद्दल ओझरतं ऐकलं होतं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याची पानं इंटरनेटवर पाहिली आणि वेड लागलं. झाडांची चित्रं अशी की पानावर बोट फिरवावंसं वाटतं. पण शेजारचा मजकूर लॅटिन. एक शब्द ओळखीचा निघाला तर पुढचे दहा निसटतात. इंग्रजी भाषांतर झालेलं आहे, तरी मला ते मुळातून वाचायचं आहे. रोज रात्री एक तास काढू शकते.

पण जो तो म्हणतो, लॅटिन एकदम सुरू करू नका, आधी एखादी सोपी भाषा करा. आमचे हे म्हणतात, इटालियन शिक, ती लॅटिनचीच मुलगी. नववीतली लेक म्हणते स्पॅनिश, म्हणजे दोघी मिळून शिकू. कॉलेजातले गणिताचे सर एस्परांतो ही मुद्दाम घडवलेली भाषा घ्या म्हणतात. म्हणे जगात तिच्याइतकी सोपी भाषा नाही. सासूबाई म्हणतात, ‘काहून वं माय आता हे?’ शाळेत दहावीपर्यंत संस्कृत होतं, गुणही चांगले होते, पण आता ‘देवः देवौ देवाः’च्या पुढे गाडी जात नाही. ते पुस्तक वर्ध्याला आईकडे माळ्यावर पडलं असेल.

पायरी म्हणून कोणती भाषा घेऊ? आणि या वयात जमेल का?

— एक वाचक, सेमिनरी हिल्स, नागपूर

उत्तर

इटालियन नको. स्पॅनिशही नको. एस्परांतोचं पुढे सविस्तर सांगते, पण तुम्हाला तिचीही गरज नाही. तुमची अर्धी पायरी वर्ध्याला माळ्यावर आहे आणि उरलेली अर्धी तुम्ही रोज वर्गात फळ्यावर लिहिता.

पायरी निवडताना ‘कोणती भाषा सोपी’ एवढंच विचारून भागत नाही. लॅटिन शिकताना माणूस कुठे अडखळतो ते आधी पाहावं, आणि नेमका तिथला सराव जी भाषा करून घेते ती धरावी. हे मी पुस्तकातून सांगत नाही. पंचविशीत मीही असाच सल्ला ऐकून दोन वर्षं स्पॅनिश शिकले. स्पॅनिश छान आली, त्याचा आनंद आजही आहे. मग लॅटिनचं पुस्तक उघडलं. शब्द खरंच ओळखीचे वाटत होते. आणि तरीही मी पहिल्या महिन्यात वाक्यामागून वाक्य चुकवत होते. शिकवणाऱ्या सरांनी एक वाक्य दिलं: ‘होमिनेम कानिस मोर्देत’. होमो म्हणजे माणूस, कानिस म्हणजे कुत्रा, मोर्देत म्हणजे चावतो. मी धडाधड अर्थ लावला, माणूस कुत्र्याला चावतो. सर म्हणाले, शेपट्या बघा. ‘होमिनेम’मधला शेवटचा म् म्हणजे द्वितीया. माणसाला कुत्रा चावतो.

आता हेच मराठीत म्हणून पाहा. ‘कुत्रा माणसाला चावला.’ ‘माणसाला कुत्रा चावला.’ शब्द कसेही फिरवा, चावणारा कुत्राच राहतो, कारण ‘ला’ माणसाला चिकटलेला आहे. हे आपल्याकडे बालवाडीतलं पोरही चुकत नाही. मीही मराठीच बोलत वाढले होते. पण दोन वर्षं स्पॅनिश करताना मला जागेवरून कर्ता ओळखायची सवय लागली होती. म्हणजे पायरी म्हणून जे घेतलं, त्याने माझ्या हातात होतं तेच काढून घेतलं.

लॅटिनची खरी चढण ही आहे. नामाला सहा विभक्ती, नामांचे पाच गट, तीन लिंगं, आणि विशेषण नामाच्या मागे लिंग-वचन-विभक्ती सांभाळत चालणार. इटालियन, स्पॅनिश, फ्रेंच, पोर्तुगीज या सगळ्या लॅटिनच्याच लेकी, हे तुमच्या यजमानांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. पण आईच्या घरातून निघताना त्यांनी नामांच्या विभक्ती मागेच ठेवल्या. रोमानियनने थोड्या जपल्या, बाकीच्यांकडे सर्वनामांपुरत्या उरल्या. तीन लिंगांची दोन झाली. क्रियापद वाक्याच्या मध्ये येऊन बसलं. म्हणजे ज्या ठिकाणी हात धरायला कुणी हवं, नेमक्या त्याच ठिकाणी या भाषा हात सोडतात. त्यांचा फायदा शब्दांचा. आणि शब्द तुमच्याकडे, ताई, आमच्यापेक्षा कितीतरी जास्त आहेत.

तुमच्या विषयाकडेच येऊ. केशराचं नाव काय शिकवता? क्रोकस सॅटायव्हस. भाताचं? ओरायझा सॅटायव्हा. लसणाचं? अ‍ॅलियम सॅटायव्हम. शब्द एकच, शेवट तीन. त्याचा अर्थ पेरणीचा, लागवडीचा. आता मराठीत म्हणा: पेरलेला, पेरलेली, पेरलेलं. क्रोकस पुल्लिंगी म्हणून पेरलेला, ओरायझा स्त्रीलिंगी म्हणून पेरलेली, अ‍ॅलियम नपुंसकलिंगी म्हणून पेरलेलं. हिंदीत हे म्हणता येणार नाही, तिथे नपुंसकलिंग उरलं नाही. नागपुरात आपण दिवसभर हिंदी-मराठीची ये-जा करतो, म्हणून हा फरक तुम्हाला चटकन जाणवेल. इटालियनमध्येही म्हणता येणार नाही. मराठीत येतं. आपल्या भाषेने ही तीन लिंगं शतकानुशतकं जिवंत ठेवली आहेत, आणि तुम्ही ती श्वास घेतल्यासारखी वापरता.

दुसरं उदाहरण. दरवर्षी एखादा चुणचुणीत विद्यार्थी विचारत असेल, मॅडम, ‘फायकस’चा शेवट ‘अस’, मग पिंपळ ‘रिलिजिओसा’ का, ‘रिलिजिओसस’ का नाही? तुतीचंही तसंच, मोरस अल्बा. चिंचही टॅमरिंडस इंडिका. याचं उत्तर लॅटिन व्याकरणात आहे. रोमन लोक बहुतेक झाडांना स्त्रीलिंगी मानत. नामाचा शेवट पुरुषासारखा दिसला तरी झाड ते बाईच, म्हणून विशेषण ‘आ’कारान्त. ज्या दिवशी तुम्ही हे वर्गात सांगाल त्या दिवशी तुम्ही लॅटिनची शिक्षिकाही झालेल्या असाल.

आणि अनेकवचनं. तुम्ही सांगता, एक अल्गा, अनेक अल्जी. एक फंगस, अनेक फंजाय. एक बॅक्टेरियम, अनेक बॅक्टेरिया. एक जीनस, अनेक जेनेरा. एक स्पीशीज, अनेकही स्पीशीजच. मुलं ही पाठ करतात आणि वैतागतात, कारण कोणी त्यांना सांगत नाही की ही पाच नामं म्हणजे लॅटिन नामांच्या पाचपैकी चार गटांचे नमुने आहेत. अल्गा पहिल्या गटातली. फंगस आणि बॅक्टेरियम दुसऱ्यातले, एक पुल्लिंगी, एक नपुंसकलिंगी. जीनस तिसऱ्यातलं, स्पीशीज पाचव्यातलं. राहिला चौथा, त्याच्यासाठी ‘फ्रुक्तुस’ घ्या, म्हणजे फळ. लॅटिनच्या पुस्तकात विद्यार्थ्याला घाबरवणारा जो तक्ता असतो, त्याचे नमुने तुमच्या पहिल्या सत्राच्या अभ्यासक्रमात बसलेले आहेत.

आता संस्कृत. विल्यम जोन्स कलकत्त्याला न्यायाधीश म्हणून आले तेव्हा त्यांना लॅटिन आणि ग्रीक आधीपासून येत होत्या. संस्कृत शिकताना त्यांना या भाषांतलं साम्य इतकं ठळक दिसलं की १७८६ मध्ये एशियाटिक सोसायटीच्या भाषणात त्यांनी सांगितलं, या तिघींचं मूळ एकच असलं पाहिजे. ते लॅटिनच्या वाटेने संस्कृतकडे आले. तुम्ही तीच वाट उलट दिशेने चालायची आहे.

साम्य म्हटलं की लोक मातृ-मातेर, पितृ-पातेर, अग्नि-इग्निस, सप्त-सेप्तेम अशी यादी वाचून दाखवतात. यादी गोड आहे, पण तुमच्या कामाची गोष्ट तिच्याखाली आहे, प्रत्ययांमध्ये. ‘देवः’मधला विसर्ग मुळात स्. म्हणजे देवस्, आणि तिकडे होर्तुस, बाग. द्वितीयेला आपलं देवम्, त्यांचं होर्तुम. कानिस-होमिनेमच्या वाक्यातला म् तो हाच. नपुंसकलिंगाचा नियम शाळेत घोकला होता ना, प्रथमा आणि द्वितीया सारखीच? वनम् वने वनानि, पुन्हा वनम् वने वनानि. लॅटिनमध्ये फोलिउम म्हणजे पान. प्रथमा फोलिउम, द्वितीया फोलिउम, अनेकवचन दोन्हीकडे फोलिया. नियम तोच. क्रियापद घ्या: वहामि, वहसि, वहति, वहामः, वहथ, वहन्ति. लॅटिनमध्ये वेहो, वेहिस, वेहित, वेहिमुस, वेहितिस, वेहुन्त. अर्थही तोच, वाहून नेणं. पेपरात नागपूर खंडपीठाच्या बातमीत ‘मँडॅमस’ हा शब्द येतो, त्यातला ‘मुस’ म्हणजे आपला ‘मः’. मँडॅमस म्हणजे ‘आम्ही आज्ञा करतो’.

मला सगळ्यात आवडतो तो ‘मनस्’चा धागा. मनः, षष्ठीला मनसः. लॅटिनचं गेनुस, म्हणजे तुमचं जीनस, त्याच घराण्यातलं. मग षष्ठी ‘गेनेसिस’ असायला हवी, पण असते ‘गेनेरिस’. कारण लॅटिनमध्ये दोन स्वरांच्या मध्ये सापडलेला स् कालांतराने र् झाला. एवढं कळलं की ‘जीनस’चं अनेकवचन ‘जेनेरा’ कुठून येतं हे कायमचं लक्षात राहतं. मूळ शब्द बदलून मग प्रत्यय लागणं मराठीला नवं नाही. घोडा-घोड्याला, पाणी-पाण्यात, हे आपलं सामान्यरूप. इंग्रजीतून लॅटिनकडे जाणाऱ्याला ही कल्पनाच परकी असते.

एक गोष्ट आणखी, खास वनस्पतिशास्त्राची. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत नव्या वनस्पतीचं नाव मान्य व्हायचं तर तिचं वर्णन लॅटिनमध्ये द्यावं लागे. २०१२ पासून इंग्रजीही चालतं. ही वर्णनं एका ठरावीक साच्यात चालतात. समजा: ‘आर्बोर फोलिइस ओवातिस, फ्लोरिबुस आल्बिस’. शब्दशः पाहिलं तर ‘झाड, अंडाकृती पानांनी, पांढऱ्या फुलांनी’. क्रियापद नाही, ‘असलेलं’ नाही. इंग्रजी वाचकाला हे तुटक वाटतं. संस्कृत व्याकरणात तृतीयेचं एक उदाहरण आहे, ‘जटाभिस्तापसः’, जटांवरून ओळखू येणारा तापस. पानांवरून, फुलांवरून ओळखू येणारं झाड, तशातलीच ही रचना. साच्याची गुरुकिल्ली हीच, आणि ‘होर्तुस’ची वर्णनं वाचताना ती पुन्हा पुन्हा लागेल.

इथे खरी अडचणही सांगून ठेवते. आपली तृतीया, पंचमी आणि सप्तमी, म्हणजे ने, हून आणि त, या तिघींची कामं लॅटिनमध्ये एकाच विभक्तीवर पडली आहेत. तिथे नुसत्या प्रत्ययावरून कळत नाही, संदर्भ पाहावा लागतो. पहिल्या चार महिन्यांत सगळ्यात जास्त चुका इथे होतील. त्या होऊ द्या. शिवाय ‘तो येतोय असं मी म्हणते’ हे लॅटिन आपल्यासारखं म्हणत नाही, ‘मी त्याला येणं म्हणते’ असं काहीसं म्हणते. क्रियापदाची काही रूपंही अशी आहेत की संस्कृतची मदत तिथे तोकडी पडते. ते त्या वेळी स्वतंत्रपणे शिकावं लागेल. मराठी आणि संस्कृत सगळं करून देतील असं मी म्हणत नाही. पण लोक लॅटिन सोडून देतात ते सहसा पहिल्या विभक्तीच्या तक्त्यापाशी, आणि तो तक्ता तुम्ही तेराव्या-चौदाव्या वर्षी याहून मोठ्या आकारात पाठ केलेला आहे.

आता एस्परांतो. तुमच्या गणिताच्या सरांचा सल्ला मला हलका वाटत नाही. झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सातून ही भाषा प्रसिद्ध केली, सोळा नियमांची, अपवाद न ठेवता. तिचे बरेच शब्द लॅटिन घराण्यातले आहेत. आणि इटालियनमध्ये नाही ते तिच्यात आहे: द्वितीयेचा प्रत्यय. कर्माला न् लागतो, विशेषणालाही लागतो. म्हणूनच शाळकरी मुलांना आधी एस्परांतो देऊन मग दुसरी भाषा शिकवण्याचे प्रयोग युरोपात झाले. फक्त इंग्रजी येणाऱ्या एखाद्याने हाच प्रश्न मला विचारला असता तर मी त्याला दोन-तीन महिने एस्परांतो कर असं नक्की सांगितलं असतं. एका विभक्तीवर हात बसला की सहा विभक्तींची भीती कमी होते. पण ज्या माणसाला आठ विभक्ती येतात त्याने एका विभक्तीचा सराव करायला तीन महिने का द्यावेत?

सर गणिताचे आहेत म्हणून त्यांना एक गोष्ट जरूर सांगा. ज्युसेप्पे पेआनो हे त्यांच्या ओळखीचं नाव असेल, नैसर्गिक संख्यांच्या स्वयंसिद्धांमुळे. त्यांनी १९०३ मध्ये लॅटिनच सोपी करून मांडली: शब्द लॅटिनचे, पण विभक्तीचे आणि क्रियापदांचे प्रत्यय काढून टाकलेले. शास्त्रज्ञांनी आपसांत लिहायला ती बरी होती, त्यांनी स्वतः तिच्यात लेखन केलं. पण त्या वाटेने लॅटिनकडे जाऊ पाहणाऱ्याला शब्द मिळतात आणि जे शिकायचं तेवढंच गळून जातं. पायरीचा विचार करताना मला नेहमी पेआनोंची ती भाषा आठवते.

स्पॅनिशबद्दल एवढंच, की लेकीबरोबर शिकायची असेल तर स्पॅनिशसाठी म्हणून शिका, लॅटिनच्या तासातून वेळ काढून नको. मुलीने आपणहून ‘दोघी मिळून शिकू’ म्हणावं असं वय फार दिवस टिकत नाही. रविवारचा अर्धा तास तिला द्या.

तुमचा पत्ता वाचून मला हसू फुटलं, आनंदाचं. सेमिनरी हिल्स. टेकडीला हे नाव तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे पडलं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. पण मूळ लॅटिन शब्द ‘सेमिनारिउम’, आणि त्याचा अर्थ रोपवाटिका. सेमेन म्हणजे बी, षष्ठीला सेमिनिस; सेमिनारिउम म्हणजे बिया रुजवायची जागा. धर्मगुरू घडवायच्या जागेला हे नाव नंतर मिळालं. वनस्पतिशास्त्र शिकवणारी बाई रोपवाटिका टेकडीवर राहते आणि लॅटिन आपल्याला परकी आहे असं समजते, हे काही मला पटत नाही.

उच्चारांचा घोळ मात्र आधीच मिटवून टाका. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६० च्या दशकापर्यंत, कॅथलिक चर्चमधली मिसा, म्हणजे सामूहिक उपासना, लॅटिनमध्ये होई, आणि तिथले उच्चार इटालियन वळणाचे. त्या पद्धतीने ‘मलबारिकुस’चं अनेकवचन ‘मलबारिची’ होतं. जुन्या रोमन पद्धतीने ‘मलबारिकी’. वनस्पतिशास्त्राच्या वर्गातले आपले उच्चार तिसरेच, इंग्रजी वळणाचे. तुम्ही घरी वाचताना जुनी रोमन पद्धत घ्या. ती लिहिल्यासारखी वाचली जाते, देवनागरीत जशीच्या तशी उतरते, आणि संस्कृतशी जुळलेले प्रत्यय कानाला लगेच ओळखू येतात. वर्गात मात्र ‘फंजाय’च म्हणा, नाहीतर मुलं परीक्षेत गोंधळतील.

कामाचं असं ठरवा. पहिले चार आठवडे फक्त संस्कृत, आणि तेही सगळं नको. देव, वन, माला, अग्नि, मनस् ही पाच नामं आणि वर्तमानकाळाचं एक क्रियापद. पुस्तकातली द्विवचनाची ओळ पेन्सिलने खुशाल खोडा. लॅटिनमध्ये द्विवचन उरलं नाही, ‘दुओ’सारख्या शब्दांत त्याच्या नुसत्या खुणा आहेत. संधी आणि समासाकडे वळून पाहू नका, लॅटिनसाठी ते लागणार नाहीत. मोठ्याने म्हणा, शाळेत म्हणत होतो तसं एका सुरात. ते डोक्यात नाही, जिभेवर साठवलेलं असतं. चौथ्या-पाचव्या दिवशी जीभ आपणहून पुढे जाते.

पाचव्या आठवड्यात लॅटिनचं पाठ्यपुस्तक उघडा. पुस्तक निवडताना पहिल्या धड्यापासून वाक्यं आणि छोटे उतारे वाचायला देणारं घ्या, नुसत्या तक्त्यांचं नको. मोबाइलवर डुओलिंगोत लॅटिनचा छोटा कोर्स आहे, तो बसमध्ये वेळ घालवायला ठीक. त्याच्यावर विसंबू नका. आणि एक वही करा. इंग्रजी पुस्तकांत विभक्तींचा क्रम वेगळा असतो, काहींत षष्ठी दुसऱ्या क्रमांकाला येते, आणि आपल्यासारख्यांचा तिथेच घोळ होतो. प्रत्येक तक्ता त्या वहीत आपल्या क्रमाने पुन्हा लिहा: प्रथमा होर्तुस, द्वितीया होर्तुम, चतुर्थी होर्तो, षष्ठी होर्ती, संबोधन होर्ते. तृतीया, पंचमी, सप्तमी या तीन ओळींना मिळून एक कंस करा आणि त्यात एकदाच लिहा: होर्तो. अडचणीची ती विभक्ती तुम्हाला रोज डोळ्यांनी दिसत राहील.

मधल्या काळात महाराजबागेत किंवा तुमच्याच कॉलेजच्या आवारात झाडांवरच्या पाट्या वाचत फिरा. प्रत्येक नावातलं विशेषण कोणत्या लिंगाचं, ते स्वतःशी म्हणा. सागवान टेक्टोना ग्रँडिस. आंबा मँगीफेरा इंडिका; त्यातलं ‘फेरा’ म्हणजे वाहणारी, संस्कृतमधल्या ‘भर’चं भावंड. देशी कापूस गॉसिपियम आर्बोरियम, दोन्ही शेवट नपुंसकलिंगी. हरभरा सायसर अ‍ॅरिएटिनम. रोमचा थोर वक्ता सिसेरो याचं घराण्याचं नाव याच हरभऱ्यावरून आलं. विदर्भाच्या शेतात उभं राहून लॅटिन शिकता येतं, हे मी गंभीरपणे सांगते आहे.

आठ-दहा महिन्यांनी ‘होर्तुस’ उघडा. प्रस्तावना आधी वाचू नका. तिथली वाक्यं पल्लेदार असतात. थेट झाडांच्या वर्णनांकडे जा. पळसापासून सुरुवात करा, कारण त्याचं पान, फूल, शेंग तुम्हाला डोळे मिटून माहीत आहे. अर्थ अडला तर झाडच सांगेल. आणि पहिल्या खंडात एक पान आवर्जून शोधा. कोचीचे डच गव्हर्नर व्हान रेडे यांनी तयार करवून घेतलेले हे बारा खंड १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅमहून छापून आले, त्यासाठी मलबारचे वैद्य इट्टी अच्युदन यांच्याबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी पंडित झटले. त्या तिघांची ग्वाही त्यात कोकणीत, नागरी अक्षरांत छापलेली आहे. लॅटिनच्या त्या ग्रंथात एक पान असं आहे जे तुम्ही आजही, कुठलीही पायरी न चढता, वाचायला घेऊ शकता.

वयाचं विचारलंत. ज्या इंग्रजी भाषांतराचा तुम्ही उल्लेख केला, ते के. एस. मणिलाल यांचं. ते तुमच्यासारखेच वनस्पतिशास्त्राचे शिक्षक होते. आयुष्यातली कित्येक दशकं त्यांनी या ग्रंथाला दिली आणि भाषांतर २००३ मध्ये पूर्ण छापून आलं तेव्हा ते साठी ओलांडून गेले होते. तुम्हाला सबंध बारा खंडांचं भाषांतर करायचं नाही, दिवेलागणीनंतर एक तास बसून काही पानं वाचायची आहेत. एक्केचाळिसाव्या वर्षी पाठांतर शाळेतल्याइतकं पटकन होत नाही, हे खरं. पण शाळेत असताना मनसः आणि जेनेरा एकत्र पाहून अंगावर काटा आला नसता, तो आता येतो. आणि ज्याने काटा येतो ते विसरत नाही.

सासूबाईंच्या ‘काहून वं माय’ला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. त्यांना एखाद्या संध्याकाळी विचारा, लसूण पेरलेला की पेरलेलं? त्या काय म्हणतात ते मला कळवा. लसूण आपल्याकडे ‘तो’ असतो, कुठे ‘ती’, आणि लॅटिनमध्ये ‘ते’, आणि त्यावर त्यांचं मत नक्की असणार.

पुढच्या सुट्टीला वर्ध्याला जाल तेव्हा माळ्यावरचं पुस्तक उतरवून आणा. पानं सुटी झाली असतील तर शिवून घ्या, पण नवं घेऊ नका; तुमच्या तेव्हाच्या पेन्सिलच्या खुणा त्यात आहेत.